खोल पाण्यातले घरमालक

मुरबाडला रेल्वे नाही. समुद्र तर त्याहून नाही. खोल पाणी म्हणाल तर पावसाळ्यात एसटी स्टँडपाशी साचतं तेवढंच, आणि त्यातही एक म्हैस बसली की बाकीच्यांना जागा उरत नाही. अशा गावात राहून ज्या माणसाने जगातल्या सगळ्यात खोल समुद्राची माहिती एकट्याच्या टाळक्यात कोंबून ठेवली होती, तो माझा घरमालक होता. आणि या माणसाला गुडघाभर पाण्याची भीती वाटायची. एकदा अलिबागला गेले, लाट पायाला लागली, आणि ते असे पळत सुटले की थेट पेणच्या स्टँडवर थांबले असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो, पण सांगतो.

मी शहापूरकडचा, किन्हवलीच्या पुढच्या एका गावातला. मुरबाडच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे करणाऱ्या कंपनीत लागलो आणि खोली शोधत यांच्या दारात उभा राहिलो. बनियन घातलेला, अंगाने खारकेएवढा एक माणूस बाहेर आला. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हा:

"कुठला थर पाहिजे? उन्हाचा, सांजेचा का मध्यरात्रीचा?"

मला वाटलं, चुकून लॉजवर आलो. मग कळलं की यांनी घराचे समुद्रासारखे थर पाडले होते. गच्चीवरची पत्र्याची खोली म्हणजे उन्हाचा थर. तिथे वैशाखात पिठाचा गोळा जमिनीवर ठेवला तर भाकरी उचलावी. पहिला मजला सांजेचा. आणि तळाला, मागच्या बाजूला, एकच खिडकी असलेली आणि त्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत असलेली खोली म्हणजे मध्यरात्र. खिडकी आणि भिंत यांच्यामधून मांजराला जायचं असेल तर त्याने श्वास रोखून जावं. मला अर्थातच मध्यरात्र मिळाली.

"काका, इथे उजेड येत नाय."

"मग कसा येईल? एवढ्या खोल कुठं उजेड येतो का रे? सवय होईल. डोळे मोठे होतील तुझे."

तक्रार घेऊन गेलेला भाडेकरू तिथून ज्ञान घेऊन परत यायचा. त्यांचं उत्तर कायम समुद्राच्या तळातून यायचं. पहिल्याच महिन्यात लाइट गेली, ती दोन दिवस आलीच नाही. मी घामाने निथळत त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"अँगलरफिश माहीत आहे?" ते म्हणाले.

"नाय."

"मादी असते तिची गोष्ट सांगतो. कपाळावर दांडी, दांडीच्या टोकाला दिवा. मीटर नाय, बिल नाय, वायरमनच्या मागे पळणं नाय. बाकी समुद्र काळाकुट्ट, आणि हिचा दिवा चालू. बारके मासे दिवा बघायला येतात, ही तोंड उघडते, संपलं."

"मग मी कपाळाला काय बांधू?"

"मोबाइल बांध. पण खरी गंमत पुढे आहे. तो दिवा तिचा नाय! त्यात बारीक बारीक जंतू राहतात. भाडेकरू! आणि लाइट कोण देतं? भाडेकरू देतात. मालकीण आपली ऐटीत फिरते. असे भाडेकरू पाहिजेत रे. नाय तर तुमी."

म्हणजे लाइट गेली यातही चूक माझीच निघाली.

वरच्या थरांतले लोक माझ्या खिडकीपाशी वाटेल ते टाकायचे. कांद्याची सालं, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी. एकदा मोजा पडला. तो घेऊन मी वर गेलो.

"नशीबवान आहेस," घरमालक म्हणाले. "खोल समुद्रात झाड नाय, पान नाय. तिथले सगळे वरून पडेल त्यावर जगतात. मेलेलं, कुजलेलं, हगलेलं, सगळं बर्फासारखं भुरुभुरु खाली येत असतं. बिचारे तोंड वर करून वाट बघतात. आणि तुला घरबसल्या मिळतंय तर तू भांडायला आलास?"

"काका, मोजा आहे हा."

त्यांनी मोजा हातात घेतला, उलटा केला.

"जोडीचा पडला का?"

आता हे सगळं ज्ञान आलं कुठून? एक कॉलेजात शिकवणारा भाडेकरू घाईने खोली सोडून गेला, आणि जाताना प्राण्यांविषयीचं एक फाटकं मराठी पुस्तक विसरून गेला. त्यात जमिनीवरच्या प्राण्यांची पानं उंदरांनी खाल्ली होती. उरला तो समुद्र. पुढे हातात मोबाइल आल्यावर ते तासन्‌तास खोल पाण्याचे व्हिडिओ बघायचे, तेही आवाज बंद करून. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि हिंदीवर त्यांचा विश्वास नव्हता. समालोचन स्वतःच करायचे. मी मुद्दाम नेटवर तपासायचो, माणूस कुठे तरी थाप मारताना सापडेल म्हणून. पण माझं नशीब असं की दर वेळी ते खरंच निघायचं.

घर मात्र त्यांचं नव्हतं. घर काकीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. बाजारातलं सुक्या मासळीचं दुकानही काकीचं, तिच्या बापाकडून आलेलं. स्कूटरही काकीची. काकी अंगाने दांडगी, बोलायला कमी, आणि हात असा की सुक्या बोंबलाची जुडी तिने फळीवर आपटली की कल्याणला जाणाऱ्या जीपचे ड्रायव्हर काय फुटलं म्हणून टायर तपासायचे. सकाळी ती स्कूटर चालवत बाजारात निघायची आणि मागे तिच्या पाठीला गच्च धरून, डोळे मिटून, घरमालक. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई पाठीवर दप्तर घेऊन चालली आहे.

म्हणजे माणूस घरजावई. डोळखांबकडून लग्न करून मुरबाडला आला तो परत गेलाच नाही. आमच्याकडे घरजावयाला लोक काय काय बोलतात ते लिहिण्याजोगं नाही, म्हणून थोडंच लिहितो. चहाच्या टपरीवर रोज कोणी ना कोणी विचारायचंच.

"काय जावयबापू, चहा प्यायची परवानगी काढली का?"

दुसरा कोणी असता तर कप फेकून मारला असता. हे बाकड्यावर मांडी घालायचे आणि आनंदाने सुरू व्हायचे.

"अँगलरचा नर बघितला का कधी? मादी कलिंगडाएवढी, नर शेंगदाण्याएवढा. जन्मला की त्याला एकच काम, अंधारात वास काढत तिला शोधायचं. सापडली की चावायचं आणि सोडायचं नाय. मग त्याचे ओठ तिच्या कातडीत मिसळतात, रक्त एक होतं. शिकार नाय, धावपळ नाय. ती खाते ते याला पोचतं. डोळे जातात, पोट जातं, सगळं विरघळतं. शेवटी उरतं काय? फक्त पुढची पिढी घडवायचं सामान! आता बोल, तुझ्यापेक्षा तो सुखी का नाय?"

चिडवायला आलेला माणूस स्वतःचा चहा टाकून जायचा.

दुकानातही तेच. काकी माल विकायची, हे गिऱ्हाइकाला शिकवायचे. एखादी बाई सुकट घ्यायला वाकली की हे म्हणायचे, "हे तर वरचं वरचं पाणी झालं. खाली काय काय आहे ते विचार." एक बाई शेवटी ओरडली होती, "ओ, बोंबील देता का शाळा भरवता?" काकीचा आवाज चढला की मात्र हे उठायचे, खिशातलं सगळं, तंबाखूची पुडी, किल्ल्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, फळीवर रिकामं करायचे आणि पसार व्हायचे. समुद्रकाकडी म्हणून एक जीव असतो, तो घाबरला की स्वतःची आतडी शत्रूपुढे टाकून निसटतो, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळे फळीवर किल्ल्या दिसल्या की आम्ही भाडेकरू समजून जायचो, आज काकडी झाली.

त्यांची सगळी इस्टेट म्हणजे एक मासा. जवळ्याच्या गोणीत एकदा त्यांना अंगठ्याएवढं काळंठिक्कर काही तरी मिळालं. तोंडभर दात, कपाळावर काट्यासारखं काही तरी. हे नाचले. "अँगलर! मुरबाडच्या बाजारात अँगलर!" काकीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "बोंबलाचं डोकं हाय मेलं. वाळून वाकडं झालंय." त्यांनी ते लोणच्याच्या बरणीत ठेवलं आणि बरणी देवघराच्या खालच्या फळीवर. रोज देवाला एक फूल आणि बरणीला एक नजर.

हा माणूस मला माझ्या लग्नात उपयोगी पडेल असं ज्याला वाटलं तो गाढव मीच.

झालं असं, की आमच्या कंपनीत पॅकिंगला वनिता होती. वैशाखरे गावची. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, आणि जिभेने तर माळशेज घाटाच्या वरपर्यंत. आमचं जमलं. कसं जमलं ते तुम्हाला काय करायचंय? पण ती बापाला एकुलती एक, बापाचे गुडघे गेलेले, आणि भाताची जमीन बऱ्यापैकी. तिने सरळ सांगितलं.

"मी नाय येणार तुझ्या घरी. शेत उचलून आणता येत नाय. तुझी बॅग येते. तू ये."

"म्हणजे घरजावई?"

"काय पण म्हण. यायचं तर ये, नाय तर दुसरी बघ."

मला दुसरी बघायची नव्हती. पण घरी हे सांगितल्यावर माझा मामा जो उसळला, तो पत्र्याला डोकं लागूनच खाली आला. माझा बाप वर्षाला जेमतेम तांब्याभर बोलतो, त्यामुळे त्याच्या वाटचंही मामाच बोलतो. "घरजावई? आपल्यात अजून कोण झाला नाय! शहापूरच्या बाजारात तोंड कसं दाखवू मी? लोक बोलतील, पोरगा पोसायला जड झाला म्हणून दिला सोडून." आई रडली, बापाने विडी पेटवली. शेवटी मामा वैशाखऱ्याला बैठकीला यायला तयार झाला, तेही मुलीकडच्यांनी अट सोडली तरच सुपारी फुटेल असं बजावून.

मी विचार केला, मामाला सुखी घरजावई दाखवावा. जिवंत नमुना. घरमालकांना विचारलं तर ते इतके खूश झाले की त्यांनी दाढी केली. काकीने वैशाखऱ्याच्या पाव्हण्यांसाठी दुकानातली निवडक सुकट बांधली. घरमालकांना बरणी न्यायची होती. "जीपमध्ये फुटेल," काकी म्हणाली. मग त्यांनी मासा कागदात गुंडाळला आणि त्याच पिशवीत ठेवला.

मामा, बाप, घरमालक, काकी आणि मी वैशाखऱ्याला पोचलो. मुलीच्या बापाने दारात पाय धुवायला पाणी दिलं, काकीने पिशवी आत दिली. आधी जेवण, मग बोलणं. कोंबडी होती, तांदळाची भाकरी होती, आणि पाव्हण्यांनी आणलेल्या सुकटीची चटणीही वनिताने ताटात वाढली. मामा कोंबडी सोडून चटणीवरच तुटून पडला. "ही खरी सुकट! दाताखाली कशी कुरकुरते बघा." तीनदा मागून घेतली. मला बरं वाटलं. पोट भरलं की मामाचा आवाज उतरतो असा माझा अनुभव होता.

तो खोटा ठरला. ताटं अजून पुढ्यातच होती, मधे ताटलीत सुपारी आणि अडकित्ता ठेवला होता, आणि मामा सुरू झाला.

"मुलगी चांगली आहे. घर चांगलं आहे. पण पोरगा इथे राहणार नाय. सासऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला काय किंमत असते?"

मी घरमालकांना कोपराने ढोसलं. ते उठून उभे राहिले. आणि त्या देवमाणसाने, दोन्ही घरच्या माणसांसमोर, अँगलरचा नर सांगायला घेतला. शेंगदाणा, कलिंगड, चावणं, चिकटणं. मी त्यांची पँट खाली ओढली, म्हणजे बसा म्हणून, पण ते बसेनात. डोळे गेले, पोट गेलं. आतल्या भांड्यांचा आवाज बंद झाला. "आणि शेवटी उरतं काय?" त्यांनी हात पसरून विचारलं, आणि उत्तरही दिलं. वनिताच्या बापाला पाण्याचा घोट नाकात गेला.

मामाला आयतं कोलीत मिळालं. "ऐका! म्हणजे आमच्या पोराचे डोळे जाणार, पोट जाणार, आणि उरणार ते… शी! असला मासा नसतोच मुळी. हा माणूस थापा मारतो."

"थापा?" घरमालक ताठ झाले. "दाखवतो. पिशवी आणा हो. कागदाच्या पुडीत मासा आहे माझा."

मग वनिता दारात आली. तिला मी तोवर कधी घाबरलेली बघितली नव्हती.

"पुडीतला? काळा?"

"काळा!"

"तो… चटणीत घातला. लय कडक होता. खलबत्त्यात कुटायला लागला."

मामाने जिभेने एक दाढ चाचपली. घरमालकांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

"मी पण खाल्ला?"

"दोनदा वाढली तुमाला," वनिता म्हणाली.

ते खाली बसले. एवढासा माणूस, तो आणखी एवढासा झाला. काही लोकांचा देव चोरीला जातो, यांनी स्वतःच भाकरीबरोबर खाल्ला होता. मला त्या वेळी त्यांची दया यायला हवी होती. पण खरं सांगतो, मला फक्त सुपारी दिसत होती, अख्खी, ताटलीत.

मामा टोपी घालून उठला. "बोंबीलच होता तो. मला चवीवरून कळलं. बायकोच्या घरात राहून ज्याला हे असलं वेड लागलं, त्याच्याकडे बघून आमी आमचा पोरगा द्यायचा? चला दाजी."

दाजी म्हणजे माझा बाप. तो हलला नाही, कारण काकी बोलली होती.

"बसा."

मामा बसला. जुडी आपटणारा आवाज होता तो.

"बोंबीलबिंबील काय नाय," काकी म्हणाली. "अँगलरच होता. बापापासून मासळी विकतेय मी, बोंबील मला कळतो." घरमालकांनी मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचा चेहरा त्यांना ओळखू येत नसावा. ती त्यांच्याकडे न बघता पुढे बोलली. "आणि वेड म्हणाल तर हाय याला. माझे कान किटलेत. पण माझा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं हगणं-मुतणं यानं काढलं. दुकान संभाळायचं का बापाला, मला कळत नव्हतं. तेव्हा टपरीवरचे शहाणे एक पण आले नाय. तुमच्या पोरात तेवढं असंल तर द्या, नसंल तर न्या परत."

काकी खरं बोलली का खोटं, म्हणजे माशाबद्दल, ते मला आजही माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही.

मी आपला सुपारीकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात वनिता माझ्यावर आली.

"आणि तू? मघापासून सगळे बोलतायत. मासे पण बोलून झाले. तुला तोंड हाय का नाय? येणार का?"

"येतो," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल. बाबांना ऐकू नाय आलं."

"येतो म्हणतोय ना!" मी असा ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या त्या, माझ्या माहितीप्रमाणे, टोकावड्यापर्यंत कुठे टेकल्या नाहीत.

मामा हताश होऊन माझ्या बापाकडे वळला. "दाजी, तुमी सांगा. बाप तुमी आहात याचा. आज तरी बोला."

बापाने अडकित्ता उचलला. सुपारी धरली. कट्ट.

"फोडली?" मामा किंचाळला. "दाजी, पोरगा सासऱ्याच्या घरात राहणार!"

बापाने सुपारीची खांडं ताटलीत नीट मांडली, पहिलं खांड मामाच्या हातावर ठेवलं, आणि वर्षाचा तांब्या एकदम ओतला.

"राहू दे. मी पण राहिलो असतो तुमच्या घरात. तुमची आई भाकरी चांगली करायची, आणि ओटी गार होती. पण तुमी कोण कधी रहा बोललाच नाय."

मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. घरमालकांचंही उघडलं, बोलायला. काकीने ताटलीतलं सगळ्यात मोठं खांड उचललं आणि त्यांच्या तोंडात टाकलं.